‘सामसूम २’ला लावलेली तीट

चहा घ्या आधी, मग सांगते. कारण एकदा सांगायला लागले की तुम्ही माझ्याकडे बघून हसणार, आणि चहा गार होणार. माझ्या हातून असा घोळ झालाय की काही विचारू नका! पोटच्या पोराच्या पोटावर पाय आणला मी. तोही प्रेमाने!

माझा निनाद ठाण्याला एका छोट्या कंपनीत कॉम्प्युटरचे गेम बनवतो. आता कोणी विचारलं, की मुलगा काय करतो, तर मी सांगते, “झोंबी करतो.” खोटं नाही हो. ‘सामसूम’ नावाचा त्यांचा गेम आहे. एक शहर ओस पडलंय, सगळीकडे मढी फिरतायत आणि समीर नावाचा एकटा पोरगा जीव वाचवत राहतो. शहर म्हणजे हुबेहूब आपली डोंबिवली, फक्त गर्दी नाही. म्हणजे बघा, किती कल्पनाशक्ती लागली असेल!

पहिल्या भागाला लोकांनी धू धू धुतलं होतं. “झोंबी लग्नाच्या पंगतीतून उठल्यासारखे चालतात,” असं कोणीतरी लिहिलं, आणि निनाद आठवडाभर धड जेवला नाही. त्यानंतर दोन वर्षं ही पोरं दुसऱ्या भागाच्या मागे होती. साहेबांनी स्वच्छ सांगितलेलं, हाही आपटला तर दुकान बंद. निनादला बंगळुरूहून एका नोकरीचं बोलावणं येऊन पडलेलं. तो काही बोलायचा नाही, पण मी आई आहे. पोरगं बंगळुरूला गेलं की दिवाळीला पाहुण्यासारखं येणार, हे मला कळत नाही का? मला ते नकोच होतं.

गेम बाजारात यायच्या आधी निनादने माझ्या फोनवर एक कोड पाठवला. “आई, तुझ्यासाठी फुकट. मला वेळ नाहीये गं, मंगलमावशीकडून लावून घे.”

मंगल म्हणजे आमची शेजारीण. इथली मूळची, आमची बिल्डिंग उभी आहे ती जमीन एकेकाळी तिच्या सासऱ्यांची. फोनवर रंगीत गोळ्या फोडायचा खेळ खेळते, त्यामुळे सोसायटीत तिला इंजिनियरचा मान आहे. तिने आमच्या हॉलमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर गेम चढवला.

“काय गो, नाव टाकायला सांगतंय. काय टाकू?”

“टाक काहीतरी खेळाला शोभेलसं,” मी स्वयंपाकघरातून ओरडले. माझी फोडणी जळत होती. तिने काय टाकलं, ते मी बघितलंच नाही. इथे पहिली माशी शिंकली.

मग मी खेळायला बसले. समीर एका स्वयंपाकघरात उभा. ओट्यावर भांडी, डोक्यावर दिवा, बाहेर मढी. मी काय केलं असेल? दार लावून घेतलं. झालं! पोरगा घरात आहे, सुरक्षित आहे, कशाला त्याला बाहेर काढायचं? पण बंद करायला गेले आणि जीव होईना. एकटा राहील बिचारा. म्हणून मी तो तसाच चालू ठेवला. येता-जाता बघायचे, रात्री निनाद यायच्या आत फक्त पडदा बंद करायचे. कणीक मळताना म्हणायचे, “बस हं बाळा, आले.” दिवसामागून दिवस समीर तिथे उभा आणि मी इथे.

गेम आला आणि काय सांगू, कौतुकाचा नुसता पाऊस! निनाद जेवताना एकेक अभिप्राय वाचून दाखवायचा. “पहिल्यापेक्षा दसपट भारी.” “झोंबी आता झोंबीसारखे चालतात.” मोठमोठ्या परीक्षकांनी लिहिलं, की असा दुसरा भाग क्वचित बघायला मिळतो. पाचच्या पाच तारे, ओळीने, सोनेरी. पोराचा चेहरा असा फुललेला, की बघत राहावं.

आणि मी पानावरून उठून काजळाची डबी शोधायला लागले.

तुम्ही आई असाल तर तुम्हाला कळेल. इतकं चांगलं चाललेलं कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही का? निनाद तान्हा असताना मी त्याला तीट लावल्याशिवाय जिन्यापर्यंत नेलं नाही. दहावीच्या परीक्षेला गेला तेव्हासुद्धा कानामागे काजळाचं बोट लावलं होतं, तो ओरडत असताना. आता या गेमला तीट कुठे लावायची? पडद्याला काजळ लावून तर बघितलं, पण ते आमच्याच पडद्याला लागलं. जगाची नजर तर त्या ताऱ्यांवर!

मग सुचलं. इतक्या पाच-पाच ताऱ्यांत एखादाच एक तारा. एवढासा काळा ठिपका. नजर तिथे अडकेल आणि बाकीचं लेकरू वाचेल.

मंगलला विचारलं तर म्हणाली, “बरोबर हाय गो तुजा. इतका गोडगोड बरा नाय. मी दाखवतंय कसा टाकायचा तो.”

एक तारा दाबला. वर दोन ओळी लिहिणं भाग होतं. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, त्यामुळे शेरा लिहायची सवय. एक किरकोळ दोष शोधला, लिहिला, आणि देवाला नमस्कार करून मोकळी झाले. निनादला सांगितलं नाही. तीट लावली असं सांगत फिरतं का कोणी?

चार दिवसांनी निनाद घरी आला तो पांढराफटक.

“आई, वाट लागली.”

“काय झालं रे?”

“एका यमदूताने लावलीये. नावच ‘यमदूत’ आहे त्याचं. एक तारा दिला आणि काय वाट्टेल ते लिहिलं.”

“एकाने दिला तर दिला! एवढं काय त्यात?”

“तसं नाही गं. कोण किती वेळ खेळलाय ते तिथे दिसतं. हा यमदूत अख्ख्या जगात सगळ्यात जास्त खेळलाय! झोपतो कधी देव जाणे. त्यामुळे त्याचाच अभिप्राय सगळ्यात वर दिसतो. त्यावर एकाने व्हिडिओ केला, की जो माणूस या गेममध्ये अक्षरशः राहतो तो असं म्हणतोय, म्हणजे आपल्याला फसवलंय. आता सगळेच चुका काढत सुटलेत. तारे धडाधड खाली. साहेब म्हणतात, असंच चाललं तर महिनाअखेर...”

तो फोन काढून बंगळुरूचा मेल बघत बसला.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. माझ्या पोराच्या दोन वर्षांच्या मेहनतीवर पाणी ओतणारा हा मेला यमदूत कोण? मी मीठ-मोहऱ्या-मिरच्या घेतल्या आणि निनादवरून ओवाळल्या. “यमदूताची नजर जळो! त्याच्या हाताला लकवा भरो! त्याला काही कामधंदा नाही, आईबापांनी वळण लावलं नाही मेल्याला!” मिरच्यांचा असा ठसका उठला, की शेजारून मंगल धावत आली.

“पण लिहिलंय तरी काय त्याने?” मी खोकत विचारलं.

निनादने फोनवर वाचून दाखवलं. त्यांच्याकडे सगळं इंग्रजीत बदलून येतं. नायकाचा बेजबाबदारपणा, ऊर्जेचा अपव्यय, असलं काय काय होतं.

“किती कुजकट माणूस!” मी म्हटलं. “सासूच असणार कोणाची तरी. मूळ कुठल्या भाषेत आहे ते?”

“थांब, बघतो.” त्याने कुठेतरी बोट लावलं, आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मग एकेक शब्द सुटा करून त्याने वाचलं.

“‘मुलं हुशार आहेत. मेहनत दिसते. परंतु समीर भरदिवसासुद्धा दिवा बंद करत नाही. वीज काय फुकट येते? सुधारणेला वाव आहे.’”

तेवढ्यात मंगल खूश होऊन म्हणाली, “अगो, ह्यो तं आपलाच! यमदूत नाव मीच टाकलेला. शोभतंय ना?”

निनाद माझ्याकडे बघत होता. मी त्या मिरच्यांकडे.

“आई, तू?”

“तीट लावली रे,” मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं. “तुला नजर लागू नये म्हणून.”

तो उठला. हॉलमध्ये जाऊन जुन्या कॉम्प्युटरचा पडदा लावून बघितला. स्वयंपाकघरात समीर उभा होता. दिवा चालू.

“आई, हा कधीपासून चालू आहे?”

“तू कोड पाठवलास तेव्हापासून. एकटा कसा सोडायचा त्याला?”

“म्हणजे समीरने दिवा चालू ठेवला म्हणून तू एक तारा दिलास, आणि त्यासाठी इतके दिवस आपला कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू?”

मी कॉम्प्युटरवरची धूळ पुसायला लागले. तो मात्र जमिनीवर बसून पोट धरून हसायला लागला. कितीतरी दिवसांनी हसला पोरगा. मग डोळे पुसून एकदम म्हणाला, “पण चुकीचं नाहीये गं. दिवा का बंद करता येत नाही?”

पोरं कामाला लागली. सुधारलेल्या गेममध्ये समीरला दिवे बंद करता यायला लागले. अंधार केला की मढी पुढे निघून जातात. आणि दिवा चालू ठेवून घराबाहेर पडलात, तर एक नवीन झोंबी येते. गाऊन घातलेली, गुडघ्यात किंचित लंगडणारी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेली बाई. लोक वेडे झाले! परीक्षकांनी पुन्हा लिहिलं, “‘सामसूम २’मध्ये खरा जीव आत्ता आला. ही बाई म्हणजे गेमच्या इतिहासातली सगळ्यात भयानक झोंबी.” तारे परत चढले, दुकान वाचलं, आणि निनादने बंगळुरूला नाही म्हणून कळवलं. मी देवापुढे साखर ठेवली.

“अगो, ती बाय म्हंजे तू हाईस!” मंगल म्हणाली. मी कमरेच्या किल्ल्या सावरत म्हटलं, काहीतरीच तुझं. पण निनादने फोटो मोठा करून दाखवला. बाईच्या गालावर बारीकशी काळी तीट होती.

“ही कशाला रे?”

“तुला कोणाची नजर लागू नये म्हणून.”

आता यावर एक तारा कसा ठेवणार? पाच करायलाच बसले. म्हटलं, त्याआधी एकदा स्वतःला प्रत्यक्ष बघून यावं. धीर करून मी पहिल्यांदाच दार उघडलं आणि इतके दिवस जपलेल्या माझ्या समीरला बाहेर काढलं. दोन पावलं टाकली असतील नसतील, मागून किल्ल्यांचा आवाज आला. वळून बघते, तर ती बाई! लंगडत, हात पुढे करून, थेट समीरच्या मानगुटीवर. आणि त्याला खाता खाता माझ्याच आवाजात म्हणते कशी, “वीज काय फुकट येते?”

स्वयंपाकघरातला दिवा मी चालूच ठेवला होता.