आधी खोट बघा

साडी ट्यूबलाइटसमोर धरायची, मागून बोट घालायचं आणि भोकातून बाहेर आलेलं ते बोट गिऱ्हाइकाच्या नाकासमोर हलवायचं. "आधी खोट बघा, मग भाव इचारा." आमच्या अक्काची विक्री अशी सुरू व्हायची. समोरची बाई आधी दचकायची, मग हसायची आणि बहुतेक वेळा तीच साडी घेऊन जायची. भोक निऱ्यांत कुठं दडवायचं हेही अक्काच सांगायची.

अक्का माझ्या नात्यातली कुणी नव्हे. आमच्याकडं थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, पण हिला दुकानाचे मालकसुद्धा अक्काच म्हणायचे, आणि ते तर हिच्याहून वयानं मोठे होते. पगाराच्या दिवशी तिचं खरं नाव पुकारलं जायचं, तेव्हा ही कोण नवीन बाई आली म्हणून आम्ही इकडंतिकडं बघायचो.

कोल्हापुरात राजारामपुरीकडं तेव्हा एक चार मजली दुकान होतं. कपडे, पर्सा, पट्टे, कपबश्या, डिनर सेट, सगळं एका छपराखाली. आज त्याचं कुणाला अप्रूप वाटणार नाही, पण तेव्हा कळंब्याहून, राधानगरीहून माणसं नुसती लिफ्टमध्ये बसायला म्हणून यायची. आषाढात तर जत्राच. आषाढात लग्नं नसतात, गिऱ्हाईक घरी बसलेलं असतं, म्हणून मालक वर्षभराचा राहिलेला, डागाळलेला, जोडी मोडलेला माल तिसऱ्या मजल्यावर ओतायचे आणि दारात 'सेल' असा कापडी फलक लावायचे. एक बाही लांब असलेले शर्ट, चेन अडकणाऱ्या पर्सा, बशी हरवलेले कप, एक वाटी कमी असलेले डिनर सेट. तुमच्यापैकी कुणाच्या घरी अजून पाच वाट्यांचा सेट असेल, तर तो अक्काच्या हातूनच आलेला असणार, मी पैजेवर सांगते.

अक्का निपाणीच्या अलीकडच्या खेड्यातली, जैन शेतकऱ्याच्या घरातली. लग्न होऊन कोल्हापुरात आली आणि दुकानात लागली. दिवस मावळायच्या आत तिला जेवायचं असायचं. सेलाची गर्दी ऐन रंगात आलेली असायची आणि ही मध्येच उठून, कापडाच्या गठ्ठ्यावर बसून शांतपणे भाकरी खायची. गिऱ्हाइकं थांबायची. आम्ही दुसऱ्या पोरी होतो की माल दाखवायला, पण लोकांना खोट बघायची ती अक्काच्याच बोटानं.

आणि आवाज! ती तिसऱ्या मजल्यावर बोलली की तळमजल्यावरचा शिपाई 'आलो, आलो' म्हणून जिना चढायला लागायचा. आमच्या इकडच्या पुष्कळ बायका 'मी येते' म्हणत नाहीत, 'मी येतो' म्हणतात. अक्का तसंच बोलायची. "काय बघालायसा पावणं? या की इकडं, मी सांगतो." तिच्या तोंडी ते असं खणखणीत वाजायचं की पाव्हणा गुमान यायचा.

आता माझं सांगते. लहानपणी माझा उजवा कान फुटला, वाहायला लागला, आणि बरा होईपर्यंत ऐकू येणं गेलं. कुणी अगदी ओरडलं तर लांब कुठंतरी माशी गुणगुणल्यासारखं वाटायचं, तेवढंच. लोक एका कानानं ऐकतात आणि दुसऱ्यानं सोडून देतात. माझा दुसरा बंद, त्यामुळं आत गेलेलं आतच राहतं. म्हणून तर हे सगळं मला इतकं आठवतं.

कानापायी माझी ठरत आलेली स्थळं मोडली होती. वडील बोलायचे नाहीत, पण दारात मध्यस्थ दिसला की त्यांचा चेहरा उजळायचा आणि तो गेला की पडायचा, ते मला बघवायचं नाही. आईनं तर मला देवासमोर उभं करून बजावलं होतं की लग्न होईपर्यंत कानाचं तोंडातून काढायचं नाही. मी दुकानात लागले तेव्हा तिथंही कुणाला सांगितलं नाही. टक लावून समोरच्याच्या ओठांकडं बघायचं आणि देव करील ते करील.

देवानं फार दिवस केलं नाही. एका बाईनं नवऱ्यासाठी बेल्ट मागितला आणि मी तिच्या हातात प्लेट ठेवली. "हे कमरेला कसं बांधायचं?" असं तिनं विचारल्यावर सगळा मजला हसला. मीही हसले, गंमत केल्यासारखं दाखवलं. अक्का तेवढी हसली नाही.

फुटका कप ओळखायची तिची रीत होती. नखानं टिचकी मारायची. चांगला कप टण्ण वाजतो, तडा गेलेला खट्ट करतो. त्या दुपारी पंखे घरघरत होते, माणसं कलकलत होती. तिनं माझ्या उजव्या कानाशी एक कप धरून टिचकी मारली आणि कसा वाजला विचारलं. चांगला वाजला म्हटलं, दुसरं काय म्हणणार? मग तिनं तोच कप डावीकडं आणून वाजवला. खट्ट. मी मान खाली घातली. वाटलं, आता ही त्या आवाजात चार मजल्यांना सांगणार.

तिनं कप फुटक्यांत ठेवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळली. दुसऱ्या दिवशी कामावर आले तर माझं टेबल कोपऱ्यात सरकवलेलं. उजवीकडं भिंत, डावीकडं गिऱ्हाईक. मालकांनी विचारलं, तर इथं उजेड बरा पडतो म्हणाली. त्या कोपऱ्यात उजेड कसला, दिवसासुद्धा दिवा लावावा लागायचा. पण तेव्हापासून मला हाक मारायची तर ती टेबलाला वळसा घालून डावीकडून मारायची. माझं काम सुधारलं, मालक मला हुशार म्हणायला लागले.

त्याच सुमारास जयसिंगपूरचं स्थळ आलं. मुलगा शाळेत नोकरीला, बोलायला सरळ. मला आवडला होता, खोटं कशाला सांगू. पत्रिका जुळली, साखरपुडा श्रावणात करायचं ठरलं. कानाचं अर्थातच कुणी काढलं नव्हतं. घरात आनंद, आणि मला धास्ती. लग्नानंतर कळलं तर काय, असं आईला विचारलं, तर म्हणाली, संसारात कोण कुणाचं ऐकतंय.

सेल सुरू होता आणि एके दिवशी मुलाची आई दुकानात आली. न सांगता, एकटी. साखरपुड्याला पाहुण्यांना प्लेटा लागतील, या निमित्तानं होणारी सून कशी वागते ते बघायला. मी तिला जिन्यातच ओळखलं. प्लेटा काढायला म्हणून कोपऱ्यातून बाहेर आले, आणि ती नेमकी माझ्या उजवीकडं येऊन उभी राहिली. काहीतरी बोलली असणार. पुन्हा बोलली असणार. मी आपली खाली बघून प्लेट पुसतेय.

अक्का पलीकडंच होती. ही बाई कोण ते तिला ठाऊक नव्हतं. बाईनं तिला विचारलं, हे मला नंतर अक्कानंच सांगितलं, की ही मुलगी एवढी शिष्ट कशी हो, माणसाकडं बघतसुद्धा नाही. आता मला कुणी शिष्ट म्हटलेलं अक्काला खपणार कसं? ती तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "शिष्ट न्हाय ती. उजव्या कानानं ऐकू येत न्हाय तिला. डावीकडनं बोला, मग बघा कशी गोड बोलती."

हे मात्र मला ऐकू आलं. बाईनं हातातली प्लेट अगदी हळू खाली ठेवली, माझ्याकडं एकदा बघितलं आणि जिना उतरून गेली. संध्याकाळी मध्यस्थाचा निरोप आला की पत्रिकेत दोष निघाला. जयसिंगपूरची गाडी घरी पोचेपर्यंत ग्रह फिरले म्हणायचे. वडील बाहेर जाऊन बसले.

सकाळी मी दुकानात गेले ती पेटलेलीच. ती बाई कोण होती ते सांगितलं, आणि सगळ्यांसमोर अक्काला विचारलं, "मी काय सेलातला कप आहे, माझी खोट दाखवायला?"

अक्का गठ्ठ्यावर बसली. तिला असं गप्प झालेलं कुणी बघितलं नव्हतं. त्या दिवशी ती गिऱ्हाइकांशीसुद्धा धड बोलली नाही, आणि साड्यांना मागणी कमी झाली. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मजला गर्दीनं भरला, तशी अक्का स्टुलावर चढली. गठ्ठे वरच्या फळीवर टाकतेय असं आम्हाला वाटलं. पण तिनं हात वर केला.

"ऐका सगळी. परवा मी ह्या पोरीच्या कानाचं एका बाईला सांगितलं. हिला इचारलं न्हाय. कपाला तोंड नसतंय, म्हणून त्याची खोट आपण सांगायची. हिला तोंड हाय. सांगायचं का न्हाय ते हिनं ठरवायचं हुतं. चुकलं माझं."

झालं. ज्या मजल्यावर माहीत नव्हतं, तिथं आता माहीत झालं. शिपाई 'आलो, आलो' करत वर आला, त्याला वाटलं बोलावलं. लिफ्टवाले काका दार अडवून आत डोकावले आणि अगदी काळजीनं त्यांनी विचारलं, कुठला कान म्हणायचा? मला राग धरायचा होता हो, पण हसू फुटलं. हसता हसता रडायला लागले. अक्का स्टुलावरून उतरली आणि डावीकडून माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

आई त्याच आठवड्यात दुकानात भांडायला आली. माझ्या पोरीचं वाटोळं केलंस इथपासून तुझ्या जिभेला हाड नाही इथपर्यंत सगळं बोलली. अक्कानं उभं राहून ऐकून घेतलं, मग चहा मागवला. आई भांडून दमली, चहा प्यायली, आणि जाताना उशांचे अभ्रे घेऊन गेली. रंग जाईल हे अक्कानं आधीच सांगितलं होतं, तसा तो गेला.

पण माझं काय झालं ते ऐका. आता लपवायला काही उरलंच नव्हतं. गिऱ्हाइकाला मीच सांगायला लागले, जरा इकडून बोला, हा कान बंद आहे. लोक सरकायचे. इतकंच होतं ते! ज्याच्या भीतीनं मी वर्षानुवर्षं लोकांचे ओठ वाचत जगले, ते एवढंसं होतं. मान वर करून काम करायला मी त्या आषाढात शिकले. ती शिकवण अक्कानं ठरवून दिली नाही, चुकून दिली. पण चूक झाल्यावर स्टुलावर चढणारी माणसं मी पुढं फार बघितली नाहीत.

पुढचं स्थळ आलं, तेव्हा पोहे यायच्या आधीच मी बोलले. आईनं डोळे वटारले, मी तिकडं बघितलंच नाही. मला उजव्या कानानं ऐकू येत नाही, काही विचारायचं तर डावीकडून विचारा, असं सांगून टाकलं. मुलगा उठला. मला वाटलं, चालला. त्यानं खुर्ची उचलली, माझ्या डावीकडं आणून ठेवली आणि विचारलं, "आता?"

तेच आमचे हे. अजूनही डावीकडूनच चालतात. त्यामुळं रस्त्यानं जाताना गाड्यांच्या बाजूला मी आणि आतल्या बाजूला हे, आणि लोकांना वाटतं काय बेफिकीर नवरा मिळालाय बिचारीला.

लग्नात अक्कानं डिनर सेट दिला. सेलातला नव्हे, तळमजल्यावरचा, काचेच्या कपाटातला. ह्यात खोट न्हाय, हुडकू नकोस, असं बजावून दिला. मी घरी जाऊन हुडकली. खरंच नव्हती.

दुकान पुढं बंद पडलं. आता तिथं मोबाइलचं चकचकीत दुकान आहे. सेल तर बारा महिने फोनवरच चालू असतो, आणि खोट पार्सल फोडल्यावर कळते. अक्का गावाकडं लेकाजवळ राहायला गेली. मी वर्षातून एकदा तरी जायची. अंगणात पाऊल टाकलं की आतून हाक यायची, आणि म्हातारपणातही खाट ओढत ती माझ्या डावीकडं यायची. मागच्या उन्हाळ्यात ती गेली. मला निरोप उशिरा मिळाला, शेवटचं दर्शन झालं नाही. तिचे उपकार मी कधी तिच्या तोंडावर बोलून दाखवले नाहीत. तिला ते आवडलंही नसतं. म्हणून तुम्हाला सांगतेय.

गेल्या महिन्यात लेकीनं हट्टानं मला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. आता चांगली यंत्रं निघालीत म्हणे. उजव्या कानात ते एवढंसं मशीन बसवलं आणि डॉक्टरांनी बटण दाबलं. आधी खरखर, मग एकदम सगळं आत शिरलं. पंखा, रस्त्यावरची रिक्षा, बाहेर बसलेल्या कुणाचा तरी खोकला. दोन्हीकडून. मी टेबलाची कड घट्ट धरली आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"आई, दुखतंय का गं?" लेकीनं उजवीकडून विचारलं.

ऐकू आलं. म्हटलं, "नाही गं. एक बाई दोन्ही कानांनी ऐकायची राहून गेली."