पश्चिमेची चौथी खिडकी

८ एप्रिल २०२५, मंगळवार, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटे. धुळ्याहून काचवाला आला तेव्हा मी घड्याळ पाहिले, कारण त्याने दोनची वेळ दिली होती. तसे मी त्याला सांगितले.

"नाना, पारोळ्याजवळ ट्रक आडवा पडला होता," तो म्हणाला आणि रुमालाने मान पुसली. मी त्याला बसायला सांगितले.

खिडक्या बदलण्याचे ठरले त्याला कारण माझी पत्नी. गेल्या वैशाखात ती दुपारी भोवळ येऊन पडली. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी वाढवली आणि यापुढे त्यांना तापू देऊ नका, असे बजावले. ते त्यांनी तिला नव्हे, मला बजावले. जबाबदारी माझी झाली.

जळगावातले आमचे हे घर मीच बांधवून घेतले. त्याच्या पश्चिमेच्या भिंतीत चार खिडक्या आहेत. दोन बैठकीत, एक निजायच्या खोलीत, एक स्वयंपाकघरात. मी पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होतो. मोजमापाशिवाय कामाला हात घालायचा नाही, ही तिथली सवय. थर्मामीटर आणून आधी बैठकीत टांगला, मग निजायच्या खोलीत. काचांबद्दल मिळेल ते वाचले. दोन काचांमध्ये कोंडलेली हवा असावी. काचेच्या अंगाला उष्णता परतवणारा पातळ लेप असावा. अॅल्युमिनियमची साधी चौकट स्वतःच तापते, म्हणून ती यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकची घ्यावी. नुसत्या गडद काचेला भुलू नये. ती उजेड अडवते आणि स्वतः तापून ऊब आत सोडत राहते. हे सारे मी दोन्ही लेकींना फोनवर समजावून सांगितले. तुमच्या आईसाठी करतो आहे, असेही सांगितले.

थोरली म्हणाली, "नाना, आईसाठी? तुमची तब्येत बरी आहे ना?"

मी फोन ठेवला.

ऐपत तीन खिडक्यांची होती. चौथीचा मी विचार केला नाही असे नाही. केला आणि बाजूला सारला. स्वयंपाकघरात शेगडी आतच पेटते. तिथे बाहेरचे ऊन अडवून काय साधणार, असे माझे गणित होते. खरे म्हणजे आमच्या घरात कोणतीही चांगली वस्तू आधी बैठकीला लागली. फरशी आधी बैठकीला, पंखा आधी बैठकीला, कूलरही तिथेच. त्या क्रमालाच मी गणिताचे नाव दिले होते. पत्नीला मात्र दुपारी बैठकीत बसत जा, अशी ताकीद दिली होती. ती बसत असे. काम आटोपल्यावर बसत असे, आणि तोवर ऊन उतरलेले असे.

काचवाल्याने पेटी उघडली. पेटीत एका बाजूला साधी काच, दुसऱ्या बाजूला लेपाची दुहेरी काच, आणि मागे एक मोठा दिवा. दिवा लावायचा, दोन्ही काचांवर हात ठेवायचा, फरक आपोआप कळतो.

"नाना, मोठा प्लग कुठे आहे? हा दिवा जरा जास्त ओढतो."

मोठा प्लग एक न्हाणीघरात होता, दुसरा स्वयंपाकघरात. आम्ही स्वयंपाकघरात गेलो. त्या वेळी मी तिथे कधी जात नाही. पाणीसुद्धा मला जागेवर मिळते.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. लेकी यायच्या होत्या, आणि प्रत्येकीला वर्षाचा काळा मसाला द्यायचा होता. पत्नी ओट्याशी उभी राहून खोबरे भाजत होती. पदर कमरेला खोचलेला, चेहरा लाल. पंखा बंद होता. चालू ठेवला तर शेगडीची ज्योत हलते, असे तिने काचवाल्याला सांगितले. धूर जावा म्हणून खिडकी उघडी होती, आणि त्या खिडकीतून धूर जाण्याऐवजी गरम वारा आत येत होता.

"अक्का, दोन मिनिटं खिडकी लावू का?" काचवाला म्हणाला.

"मी लावतो," म्हणून मी कडीला हात घातला आणि तसाच मागे घेतला. बोटे भाजली.

पत्नीने पदर सोडून हाताभोवती गुंडाळला आणि एका झटक्यात कडी सरकवली. "चिंधी बांधलेली होती हो तिला," ती म्हणाली. "कुठं पडली कोण जाणे."

ती पडली नव्हती. त्याच आठवड्यात अंगणातून जाताना मला ती बाहेरून दिसली होती. हा काय गबाळेपणा, असे म्हणून मी ती सोडून कचऱ्यात टाकली होती.



दिवा लागला. काचवाल्याने माझा हात धरून आधी साध्या काचेवर ठेवला, मग दुसरीवर. भाजलेल्या बोटांनाही फरक कळला. मग तो तिच्याकडे वळला.

"अक्का, तुम्ही पण बघा. आधी इकडं. जपून हं, चटका बसेल."

तिने झारा खाली ठेवला आणि साध्या काचेवर तळहात टेकवला. काही क्षण गेले. हात तसाच होता. काचवाला वाट पाहत राहिला. तिने माझ्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे, आणि ती हसली.

"हाई तं काहीच नही शे, भाऊ," ती म्हणाली. एरवी परक्यासमोर ती अहिराणी बोलत नाही.

काचवाला मोठ्याने हसला. "नाना, अक्कांनी आमचा दिवा नापास केला! आजवर कुणी केला नव्हता. अक्का, माहेर धुळ्याकडचं का?"

"शिंदखेड्याकडचं."

"तरीच."

दोघे हसत होते. मी त्या तळहाताकडे पाहत होतो. ज्या बाईला तापू द्यायचे नाही म्हणून मी दोन खोल्या मोजल्या, ती तिसरीत उभी होती. तिथे मी थर्मामीटर नेलाच नव्हता. डॉक्टरांनी मला विचारले असते की त्या दिवसभर कुठे असतात, तर मी काय उत्तर दिले असते, ते मला ठाऊक आहे. बैठकीत, असे सांगितले असते.

"या खिडकीचं माप घ्या," मी म्हणालो.

"चौथी?"

"तीनच. बैठकीतली एक सोडा."

"अहो, असं काय करता?" पत्नी म्हणाली. "आखाजीला जावई येतील. बैठकीत एक खिडकी नवी, एक जुनी, कसं दिसेल ते?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपे गेले असते.

"दिसेल तसं दिसेल."

काचवाल्याने फीत लावली. मग तो म्हणाला, "नाना, बैठकीच्या सरकत्या आहेत, त्या लगेच होतात. ही मात्र पूर्ण उघडणारी लागेल, फोडणीचा धूर आहे. अशी काच मापानं बनून येते, मागाहून कापता येत नाही. आखाजीच्या आत काही येत नाही."

"आधी हीच बनवा. बैठकीची मागून."

तो गेला. पत्नी पुन्हा खोबऱ्याकडे वळली. चिंधी मीच फेकली, हे सांगण्यासाठी मी दारात थांबलो. "पाणी हवं का?" तिने विचारले. नको म्हणालो आणि बाहेर पडलो.

ऊन भिंतीवर पडण्याआधी अडवावे, हे कळायला काच लागत नाही. बाजारात शेतीच्या दुकानात गेलो. रावेरकडचे केळीवाले रोपांवर बांधायला हिरवी जाळी तिथूनच नेतात.

"आबा, किती एकराला?" दुकानदाराने विचारले.

"एका खिडकीला."

त्याला गंमत वाटली. "केळी खिडकीत लावली का काय?" त्याने दुहेरी घडी करता येईल एवढा तुकडा कापून दिला.

घरी येऊन शिडी लावली. खिडकीपासून हातभर अंतर सोडून, वरच्या छज्ज्यापासून खाली जाळी ताणली, म्हणजे मागून वारा खेळता राहील. आतून आवाज आला, "कोण आहे बाहेर?"

"मी."

"या वयात शिडीवर? पडाल हो."

"जाळी बांधतो आहे. आत अंधार झाला का?"

"थोडासा."

"चालेल?"

आत झाऱ्याचा आवाज थांबला. असे काही मी तिला विचारत नाही. मग म्हणाली, "चालेल."

तारेने खालचे दोन्ही कोपरे आवळले. पक्कडीने तारेची टोके आत वळवली, कुणाच्या हाताला लागू नयेत म्हणून. शिडी उतरवली आणि जिन्याखाली आडवी ठेवली.