याकूबची मरियम

मी कुवेतमध्ये राहून कुवेतच्या अरबांना सांगत असे की मी मूळचा अरब आहे.

हसून घ्या. मीही हसतो. आम्हा कोकणी मुसलमानांची ही जुनी खोड. रायगडच्या किनाऱ्यावर भात आणि मासळीवर पिढ्या काढायच्या, आणि पाहुणा आला की म्हणायचं, आमचे पूर्वज बसऱ्याहून गलबतातून आले. गावात हे खपतं. तिथं बसऱ्याचं कोण बसलंय विचारायला? मी मात्र हे शुवैख बंदरात सांगायचो, खुद्द अरबांना, तेही मुरूडच्या वळणाच्या अरबीत. ते मान डोलवायचे आणि चहा पाजायचे. फार सभ्य माणसं.

हा मूर्खपणा सगळ्यांना ठाऊक आहे. मीच तो आजवर रंगवून सांगत आलो. पण त्याच्या आडोशाला एक गोष्ट ठेवली होती — ती बायकोला सांगितली नाही, भावाला नाही, नमाजात कपाळ टेकवूनसुद्धा पुरती नाही. तुम्हालाच का सांगतोय? तुमच्याशी सोयरीक नाही म्हणून असेल.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मी बंदरावर कारकून, फरहान तिथंच क्रेनवर. फरहान आफ्रिकी वंशाचा कुवेती. त्याच्या पणज्याला गुलाम म्हणून या किनाऱ्यावर उतरवलं होतं, आणि हे तो आपण गावाचं नाव सांगतो तितक्या सहज सांगायचा. मला त्याचं नवल वाटायचं. नवल, की हेवा?

त्याची आई — तिला सगळे उम्म फरहान म्हणत — वस्तीतल्या एका वाजवणाऱ्या घराची मुख्य होती. त्या घरात तंबुरा होता. आपला तंबोरा डोळ्यांसमोर आणू नका. हा सहा तारांचा, लाकडी चौकटीचा, मांडीशी घेऊन वाजवायचा, रंगीत चिंध्यांनी सजवलेला. त्याच्या जोडीला ढोल. आणि कमरेला बांधायचा एक पट्टा, बकऱ्यांच्या खुरांचा. शेकडो खूर कापडावर ओवलेले. तो बांधून माणूस कंबर हलवू लागला की खडकावर गारा पडल्यासारखा आवाज येतो. दर ईदला चौकात हे वाजायचं आणि सारी वस्ती जमायची.

त्या बकरी ईदला नवा पट्टा करायचा होता. फरहान म्हणाला, तुमच्या लोकांकडचे खूर मिळतील का? मी छाती पुढे काढून म्हणालो, डबे भरून देतो. दिलेही. एवढंच की आमच्यात पाये आधी जाळावर धरतात, केस जळतात आणि खूर सुरीनं टचकन उडतो. उम्म फरहाननं माझा पहिला डबा उघडला, वास घेतला आणि विचारलं, हे खूर आहेत की कोळसे?

मग मी खोल्याखोल्यांतून फिरून बजावलं, खूर जाळू नका, उकळत्या पाण्यात घालून काढा. आमचे सडेफटिंग आचारी मला शिव्या घालत होते. पायांची चव गेली ती माझ्यामुळे, असं अजून दोघेतिघे म्हणतात.

ईदच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि हसनचाचा चांगले खूर घेऊन तिच्या अंगणात गेलो. हसनचाचा आमच्या जमातीतले वडीलधारे, आणि त्यांच्या पुतणीशी माझं लग्न जवळजवळ ठरलेलं. हे लक्षात ठेवा, सगळं त्यावरच अडलंय.

बायका तापल्या टोच्यानं खुरांना भोकं पाडत होत्या. पलीकडे एक जण तारा जुळवत होता. माझ्यासमोर पितळी थाळा पालथा पडलेला. माझे हात रिकामे — आणि हात कधी चालू लागले मला कळलं नाही. तो ठेका मी आयुष्यात घराबाहेर कुणासमोर वाजवला नव्हता. तार जुळवणारा थांबला. मग त्यानं माझ्या ठेक्यावर आपली तार बसवली. बसली. जणू दोघांनी एकाच घरात तालीम केली होती.

"कुठं शिकलास?" उम्म फरहाननं विचारलं.

हसनचाचा हसून म्हणाले, "होय रे इस्माईल, तुला हे ढोलवाल्यांचं कुठं गावलं?"

कुठं गावलं? सांगतो ना. माझी नानी, आईची आई, सिद्दी होती, फरहानसारखीच आफ्रिकी वंशाची. जंजिऱ्याच्या आसऱ्यानं राहिलेल्यांपैकी. काळी, उंच, भरल्या आवाजाची. बकरी ईदला पाये चुलीवर चढले की ती परात पालथी घालायची आणि हाच ठेका धरायची. वर जे गायची त्याचा अर्थ तिलाही माहीत नव्हता. घरी पाहुणे आले की ती आपणहून मागच्या पडवीत जायची. जा असं तिला कुणी म्हणत नसे. बस असंही कुणी म्हणत नसे. मला तिनंच वाढवलं, तिच्याच परातीवर माझे हात आपटून आपटून.

आणि मी म्हणालो — आमच्या घरी एक मोलकरीण होती, तिच्याकडून.

कुणी माझा गळा धरला नव्हता. पण पुतणी होती, हसनचाचा होते, बसऱ्याचं गलबत होतं. एका शब्दात सगळं बुडालं असतं. मी नानीला बुडवलं.

हसनचाचा समाधानानं पान चघळू लागले. उम्म फरहान एवढंच म्हणाली की तिच्या घरची रीत आहे: ज्यांनी पट्ट्याला खूर दिले, त्यांच्या एकेका गेलेल्या माणसाचं नाव पहिली तार छेडण्याआधी घेतात. मोलकरीण तर मोलकरीण, तिचं नाव सांग.

"मरियम."

"कुणाची लेक?"

"याकूबची. याकूब सुरूरचा."

"गाव?"

तेही सांगितलं. पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर चौक भरला. बंदरावरचे लोक, दुकानदार, आमचे पंचवीसेक कोकणी नव्या कपड्यांत. मीच सगळ्यांना ओढून आणलं होतं. उम्म फरहान मधोमध उभी राहिली. एकेक नाव ती खणखणीत घ्यायची आणि सगळा जमाव त्या माणसासाठी दुवा म्हणायचा. मोती काढणाऱ्या जहाजांवर गेलेले, विकत आणलेले, इथंच जन्मलेले. आणि मग — सुरूरच्या याकूबची मरियम, समुद्रापलीकडची.

जमाव गरजला. हसनचाचाही. जिला पाहुण्यांसमोर कुणी कधी बस म्हटलं नाही, तिचं नाव भर चौकात शेकडो तोंडांनी उचललं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी शरम नाही वाटली. अभिमान वाटला. छाती फुटेल एवढा. शरम नंतर आली, आणि मुक्कामाला राहिली.

मग तार छेडली. नवा पट्टा फरहाननं बांधला होता. तो हलला तसा खुरांचा पाऊस पडला. पुरुषांची रांग झुकली, मागे सरली, पुन्हा झुकली. म्हाताऱ्या बायका डोळे मिटून डोलत होत्या. मी पुष्कळ मैफली ऐकल्यात, भारी भारी लोकांच्या. एवढ्या डौलात आपलं सगळं दुःख कमरेला बांधून चालणारी माणसं पुन्हा पाहिली नाहीत. आणि हे माझं होतं. माझ्या परातीवरचं. आमचे कोकणी टाळ्या वाजवत मला म्हणत होते, इस्माईल, काय माणसं शोधलीस. मी मान हलवत होतो, जणू शोधलीच होती.

लग्न झालं. पुतणी आत चहा करतेय. हे छापून आलं की वाचेल. आमची मुलं अजून लोकांना बसऱ्याचं गलबत सांगतात. मी कितीतरी वर्षं ईदला त्या चौकात उभा राहिलो, दर वेळी ते नाव ऐकलं, दर वेळी दुवा म्हटली, आणि दर वेळी मालक बनूनच म्हटली. हसनचाचा वारले, तेव्हाही बोललो नाही. तेव्हा तर काहीच अडलं नव्हतं.

उम्म फरहानला फसवलं असं मात्र म्हणता येणार नाही. त्या पहिल्याच दिवशी, वाजवणं संपल्यावर, मी तिचे आभार मानायला गेलो होतो. ती पट्टा झटकून घडी घालत होती. वर न बघता म्हणाली,

"माझी आई ज्यांच्या घरी राबली, त्यांच्यातल्या एकालाही तिच्या बापाचं नाव ठाऊक नव्हतं. तुला तर मोलकरणीच्या आज्याचंही पाठ आहे. अरब म्हणून तू कच्चा आहेसच, मालक म्हणून त्याहून कच्चा."