सासऱ्यांचा ‘अपॉन’

‘इन’, ‘ऑन’ आणि ‘ॲट’ या तीन शब्दांवर इतकी माया करणारा माणूस खुद्द विलायतेतही झाला नसेल. ठाण्यात मात्र झाला, आणि माझ्या नशिबी सासरा म्हणून आला. फिरतीवरच्या साहेबाच्या कचेरीत ते दुभाषे होते. रयतेनं मराठीत बोलायचं, त्यांनी ते इंग्रजीत सांगायचं आणि साहेबानं लिहून घ्यायचं, असा तो कारभार. घरीदारी सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांची माझी पहिली गाठ पडली ती माझ्याच लग्नात, अंतरपाटाच्या अलीकडे. भटजी बेंबीच्या देठापासून मंगलाष्टकं म्हणत होते आणि अण्णा माझ्या कानाशी लागून विचारत होते, “इंग्रजी शाळेत जाता ना? मग सांगा बघू, मॅरीड विथ की मॅरीड टू?” मला दरदरून घाम फुटला. आपल्याकडे लग्न कुणाशी तरी होतं, म्हणून मी आपलं ‘विथ’ म्हणून मोकळा झालो. अण्णांनी कपाळाला हात लावला. “हरे राम! मुहूर्त टळत नसता तर...” एवढंच म्हणाले आणि अक्षता टाकल्या. पुढं कितीतरी वर्षं ते माझी ओळख ‘हे आमचे विथवाले जावई’ अशी करून देत, आणि मी दात काढून हसत असे. दुसरं काय करणार?

इंग्रजांनी हा मुलुख कसा घेतला याचं त्यांचं स्वतःचं एक शास्त्र होतं. “जावईबापू, आपण आधी पाट म्हणतो, मग त्याच्या वर की खाली ते ठरवतो. साहेब आधी ‘वर’ म्हणून मोकळा होतो आणि मग पाट शोधतो. असा माणूस हरेल कसा?” हे शास्त्र ते जेवणाच्या वेळेला हमखास काढत. सासूबाई आतून म्हणत, “अहो, तो वर असो की खाली असो, पाट मांडलाय, त्याच्यावर बसा. आमटी निवतेय.” मग ते बसत, पण पहिला घास घेईपर्यंत पुटपुटत असत. ‘जरी’ आणि ‘तरी’ यांच्यावर तर त्यांचा विशेष राग. इंग्रजीत वाक्यात ‘दो’ म्हणजे ‘जरी’ आला की मागून ‘बट’ म्हणजे ‘तरी’ आणायचा नाही, एकानंच भागवायचं, हे त्यांना इतकं पटलं होतं की त्यांनी मराठीतूनही ‘तरी’ हद्दपार केला. एकदा तापातून उठले तेव्हा वैद्यबुवांना म्हणाले, “जरी ताप उतरला, अशक्तपणा आहे.” वैद्यबुवा नाडी धरून तसेच थांबले. त्यांना वाटलं, आजाऱ्याचं वाक्य अडकलं, काहीतरी मेंदूवर गेलं. शेवटी सासूबाईंनीच माजघरातून ‘तरी’ पुरवला, तेव्हा कुठं त्यांनी मात्रा दिली.

आणि गावांची प्रतवारी! मोठ्या शहरात पोचायचं तर ‘इन’ आणि लहान गावी पोचायचं तर ‘ॲट’, असा नियम त्यांनी कुठंसा वाचला होता. मुंबईला बिनतक्रार ‘इन’ मिळाला. आमच्या कल्याणला त्यांनी ‘ॲट’ दिला. मी कल्याणचा, रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरीला, मला हे लागलं. म्हटलं, “अण्णा, देशोदेशीची गलबतं लागत होती आमच्या बंदराला, तेव्हा तुमच्या ठाण्याला कोण विचारत होतं?” तर शांतपणे म्हणाले, “लागत होती. पास्ट टेन्स.” खुद्द ठाण्याला काय द्यावं याचा निकाल मात्र त्यांच्यानं कधी लागला नाही. ठाण्याचा अभिमान ‘इन’ म्हण म्हणे आणि व्याकरण ‘ॲट’वर अडून बसे. त्यामुळे आमचे अण्णा इंग्रजीतून ठाण्याला कधी पोचलेच नाहीत. नेहमी ‘नियर ठाणे’ उतरत.

पण सगळ्यांत लाडका शब्द म्हणजे ‘अपॉन’. “ऑन म्हणजे वर आणि अपॉन म्हणजेही वर. पण ऑन हा कारकुनाचा, अपॉन हा साहेबाचा,” असं ते म्हणत. तोंड भरून म्हणत, गुळाचा खडा घोळवावा तसा. त्यांच्या बोलण्यात टोपी डोक्यावर असे ती अपॉन आणि मांजर भिंतीवर असे तेही अपॉन. ठाण्याच्या वरच्या कोर्टात मुख्य दुभाष्याची जागा रिकामी होणार होती आणि साहेब आपली शिफारस करणार हे त्यांना कळलं होतं. ती जागा म्हणजे त्यांच्या जन्माचं सोनं. थंडीत साहेबाचा तंबू कल्याणच्या खाडीकाठी पडला तेव्हा त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. “उद्या येऊन बसा. चांगलं इंग्रजी जरा कानांवरून जाऊ दे तुमच्या.”

मी गेलो. साहेबाच्या पुढ्यात डोंबिवलीकडचा एक आगरी उभा होता, मिठागरावर काम करणारा, गुडघ्यांपर्यंत चिखल वाळलेला. बांधावरून मिठाच्या पाट्या नेताना दुसऱ्या गड्याचा हात मोडला होता, आणि दोघांचं पाण्यावरून जुनं भांडण होतं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, म्हणून मारहाणीचा खटला. तंबूच्या कनातीशी त्याची बायको तान्ह्याला घेऊन बसली होती. साहेबानं विचारलं, काय झालं? तो म्हणाला, “सायेब, मी त्याचे अंगाव परलू...” अण्णांनी छाती भरून घेतली आणि मान जरा तिरकी करून म्हणाले, “ही सेज, आय फेल अपॉन हिम.”

साहेबानं टाक खाली ठेवला. पुढचं ऐकायची गरजच त्याला उरली नाही. गुन्हा कबूल. टिफिननंतर शिक्षा सांगतो म्हणून तो उठून गेला. तो आगरी “चिखलान पाय सरला” असं काहीतरी अजून सांगतच होता, पण आता कोण ऐकतं?

बाहेर चिंचेखाली मी डबा सोडला. अण्णांनी घासाला हात लावला नाही. डबा बाजूला सारून म्हणाले, “जावईबापू, मी अपॉन म्हणालो का हो?”

“हो.”

“नक्की?”

“फार झोकात म्हणालात.”

त्यांचा चेहरा एवढासा झाला. मग मला त्यांनी समजावून सांगितलं, आणि पहिल्यांदाच आवाज न चढवता. नुसतं पडणं वेगळं. इंग्रजीत एक माणूस दुसऱ्याच्या ‘अपॉन’ पडला म्हणजे तुटून पडला, मारायला धावला. “तो गडी बिचारा घसरून पडला, आणि मी त्याला मारेकरी केला. तालासुराच्या नादात!” कचेरीतले मुख्य कारकून, शिरस्तेदार, जवळच पान लावत होते. ते हळूच म्हणाले, “अण्णा, झालं ते झालं. शिफारशीच्या कागदावर अजून सही व्हायचीय. तोंड बंद ठेवा.” अण्णांनी तंबूकडे पाहिलं. त्या बाईनं पोराला पदराखाली घेतलं होतं. “अहो, पण ती बसलीय ना तिथं,” एवढंच म्हणाले, पागोटं सारखं केलं आणि उठले. खरं सांगतो, मला त्या घडीला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

साहेब आला तेव्हा ते पुढं झाले. त्या दिवशीचं त्यांचं इंग्रजी अगदी साधं होतं. तर्जुमा चुकला, चूक माझी, या माणसाचं पुन्हा एकदा ऐकावं. साहेबाचे कान लाल झाले. “तुम्ही? एका अव्ययात?” म्हणाला. तंबूतले कारकून खाली बघून हसले. अण्णा मान खाली घालून उभे राहिले, पण जागचे हलले नाहीत. मग आगऱ्याचं पुन्हा ऐकलं, सगळं, पाय सरकल्यापासून. ज्याचा हात मोडला होता त्यालाही विचारलं. त्यानं झोळीतला हात सावरला आणि म्हणाला, “चिखल त व्हताच, सायेब.” संध्याकाळच्या आत माणूस सुटला. शिफारस अर्थात बारगळली.

आम्ही टेशनाकडे निघालो तर तो आगरी बायकोला घेऊन मागून धावत आला. “बामनदादा, सायबाला असा काय बोललास र?” मला वाटलं, आता प्रिपोझिशनवर तासभर व्याख्यान होणार. अण्णा म्हणाले, “काही नाही रे. तू पडलास, एवढंच सांगितलं.”

त्यानंतर त्यांनी कुणाचं इंग्रजी सुधारलं नाही. फिरतीची नोकरी मात्र पुरी केली. पुढ्यातला माणूस बोलला की ते आधी थांबत, त्याच्याकडे वाकून विचारत, “बाबा, तुला हेच म्हणायचंय ना?” आणि तो हो म्हणाला की मगच साहेबाकडे वळत. नवे कारकून म्हणत, म्हातारा बहिरा झाला. आता ते जाऊनही बरीच वर्षं झाली. हल्ली माझं बोलणं लोकांना पहिल्याच शब्दाला कळतं, घरात मुलांना कळतं, कचेरीत वरच्यांना कळतं, आणि जो तो मान डोलावून पुढं निघून जातो. अशा वेळी फार वाटतं, कुणीतरी वाकून एकदा विचारावं.