शालनला न दिलेली चिठ्ठी

हे मी आमच्या ह्यांनासुद्धा कधी सांगितलं नाही. ते गेले, तोवर पोटातच ठेवलं. तशी मी तोंडानं फटकळ — शाळेतली पोरं मागं मला ‘तिखट बाई’ म्हणायची, ठाऊक होतं मला — कुणाचं काही चुकलं की तोंडावर सांगायची माझी खोड. आणि स्वतःचं? स्वतःचं सांगायला म्हातारपण यावं लागलं. आता सांगते. फक्त मधे काही विचारू नका, नाहीतर मी भलतंच काहीतरी सांगत बसेन. तेवढी हुशार आहे मी.

बेंबळीच्या पुढं एका गावात मी शाळेवर बाई होते. बहात्तरचा मोठा दुष्काळ सरून काही वर्षं झाली होती, पण आमच्या गावाच्या विहिरींना ते कुणी कळवलं नसावं. फाल्गुन लागला की तळ दिसायचे. पोरांची अंघोळ आठवड्यातनं एकदा, तीही म्हशीला पाजून उरलं तर. मग काय, खरूज, नायटे, चिकटलेले डोळे. मी फळ्यावर लिहीत असायची आणि मागं अर्धा वर्ग कराकरा खाजवत बसलेला. म्हणून सरकारी दवाखान्याचे डॉक्टर दर बुधवारी शाळेतच येऊन बसायला लागले. प्रयोगशाळेची खोली त्यांना रिकामी करून दिली होती.

पद्धत अशी, की आईबापाला आणायची गरज नाही. बाईंची चिठ्ठी घ्यायची आणि पोरानं आत जायचं, बस्स. फार चांगलं होतं हो ते. घरात ज्याचा उच्चार करायची सोय नाही, ते पोरी त्या खोलीत डॉक्टरांजवळच्या नर्सबाईला सांगायच्या. आणि चिठ्ठ्यांचं पुस्तक माझ्याकडं. हेडसरांनी मलाच तालुक्याला दोन दिवस शिकायला पाठवलं होतं — कातडीवर काय दिसलं तर काय समजायचं, कुणाला मलम द्यायचं, कुणाला आत पाठवायचं. माझ्या चिठ्ठीशिवाय त्या खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही. एवढा अधिकार मला ना माहेरी मिळाला, ना सासरी.

शालन आठवीत होती. माझ्या वर्गात, आणि माझ्या शेजारच्याच घरात. त्यांच्या दोन म्हशी, सकाळ-संध्याकाळ सोसायटीला दूध घालायचे, त्यावर घर चालायचं. आमचे हे उमरग्याला नोकरीला, शनिवारी यायचे. मग माझ्या दोन वर्षांच्या बबलूला शाळा सुटल्यावर तीच सांभाळायची. चोवीस तास तिच्या कडेवर. माझ्या हातनं घास घ्यायचा नाही, तिच्या हातनं मुकाट्यानं खायचा. मला राग यायचा कधीकधी, खरं सांगते.

एका मंगळवारी मधल्या सुट्टीत ती वर्गात थांबली. परकराशी चाळा करत म्हणाली, बाई, उद्या मला चिठ्ठी द्या, पर आमच्या घरी सांगू नका. कशाला गं, म्हटलं. तिनं बाही वर केली. उजव्या कोपराच्या वर रुपयाएवढा फिकट चट्टा. खाजत नाही, दुखत नाही, म्हणाली.

खाजत नाही. मी वर्गाचं दार लोटून घेतलं.

तालुक्याला शिकवलं होतं तसं मी केलं. कोपऱ्यातल्या केरसुणीची काडी मोडली. तिला म्हटलं, डोळे मीट, जिथं काडी लागेल तिथं बोट ठेव. डाव्या हाताला लावली, तिनं लगेच बोट ठेवलं. मनगटाला लावली, ठेवलं. मग त्या चट्ट्यावर लावली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा टोचलीच. ती आपली डोळे मिटून, मान वर करून, शहाण्या पोरीसारखी वाट बघत उभी.

“लावा की बाई,” ती म्हणाली. “कवा लावताय?”

त्या रोगाचं नाव गावात कुणी मोठ्यानं घेत नव्हतं. महारोग. घेतलं तर ते घर वाळीतच पडायचं. पण मला शिकवलं होतं ना! लवकर सापडला तर गोळ्यांनी बरा होतो, बोटांना काही होत नाही, हे तालुक्याच्या टिपणवहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. करायचं काय होतं? एक चिठ्ठी फाडायची. आत डॉक्टर, आत गोळ्या. गोळ्या शाळेतच ठेवायची सोय होती, गावाला कळायचंही कारण नव्हतं.

मी म्हटलं, नायटा आहे गं. चिठ्ठी कशाला त्याला? आणि कपाटातलं मलम तिच्या हातावर ठेवलं. दवाखान्याच्या वहीत तिच्या नावापुढं लिहिलं — नायटा. अक्षर छान आलं होतं, अजून दिसतं मला.

का केलं? किती वर्षं मी स्वतःला सांगत आले, की त्यांच्या दुधासाठी केलं. कळलं असतं तर सोसायटीत त्यांचं दूध कोण घेणार होतं? घर बसलं असतं. किती छान कारण आहे बघा! ऐकणाराला वाटावं, बाई किती मायाळू. खोटं आहे ते सगळं. दुधाचा विचार माझ्या डोक्यात दुसऱ्या दिवशी आला. त्या घडीला माझ्या डोळ्यांपुढं एकच होतं — बबलू तिच्या कडेवर. चिठ्ठी दिली तर डॉक्टर विचारणार, घरात कोण कोण, शेजारी कोण, लहान लेकरं कुठली जवळ असतात. मग माझंच नाव. मग गाव माझ्या लेकराकडं बघणार, सासरी कळणार, आणि सासूबाई म्हणणार, नोकरी करायला गेलीस आणि लेकरू कुणाच्या हातात दिलंस? ह्या भीतीनं केलं मी. लोक काय म्हणतील, एवढ्यासाठी.

आणि नुसतं तेवढंच नाही. त्याच गुरुवारी रजा टाकून बबलूला घेऊन मी एसटीनं सोलापूरला गेले. एका कातडीच्या डॉक्टरला दाखवलं, नाव दुसरंच सांगून, शेजारी एकाला महारोग झालाय म्हणून. त्यांनी पोराला उघडं करून, उलटंसुलटं करून तपासलं. काही नाही, म्हणाले, लेकरू ठणठणीत आहे. वर असंही म्हणाले, की ज्याला झालाय त्याला आधी गोळ्या सुरू करा बाई, हात वाचतील त्याचे. मी हो हो केलं. येताना स्टँडवर बबलूला शिट्टी घेतली. तो वाटभर ती वाजवत होता.

म्हणजे बघा, मला सगळं माहीत होतं. माझ्या लेकराला तपासून आणलं मी. तिला नाही.

शालनला म्हटलं, आता बबलूला सांभाळायला नको येऊस, तुझा अभ्यास मागं पडतोय. ती दारात उभी, आतनं हा रडतोय तिच्याकडं जायला, आणि मी त्याचा दंड धरून ठेवलेला. अभ्यास! तिला खरंच वाटलं ते. घरी जाऊन आईला म्हणाली, बाईंना माझी लई काळजी. तिच्या आईनं त्या दिवशी मला खरवस आणून दिला. भांडं मी हसून घेतलं. ती वळल्यावर खरवस उकिरड्यावर टाकला आणि भांडं राखेनं तीनदा घासलं.

दिवाळीच्या आधी ती परत आली. मलमानं जात न्हाय बाई, मोठा झालाय. तेव्हा तरी द्यायची! नाही दिली. कारण आता दिली तर डॉक्टर वही बघणार, आणि विचारणार, आधी नायटा कुणी लिहिलं? पहिल्यांदा भीती लोकांची होती, आता माझ्या नोकरीची झाली. दुसरं मलम दिलं मी तिला. तिसऱ्यांदा ती आलीच नाही.

दर बुधवारी ती खोली उघडायची. शालनच्या बाकापासून वीस पावलांवर. पोरं रांग लावायची, खरूजवाली, कानवाली, मी चिठ्ठ्या फाडफाडून द्यायची. ती खाली मान घालून लिहीत असायची. नववीत तिचं अक्षर बिघडलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळायला लागलं होतं, पेन धरता येत नव्हतं नीट. मी पाहिलं होतं ते. पाहून तिच्या वहीवर लाल शाईनं लिहिलं, ‘अक्षर सुधारावे.’

हात तसाच राहिला तिचा, हे आधीच सांगून टाकते. पुढं गोळ्या मिळाल्या, रोग गेला, पण बोटं सरळ झाली नाहीत. नववीतनं शाळा सुटली. दूध सोसायटीनं बंद केलंच. ज्या दुधाची सबब मी वर्षानुवर्षं वापरली, तेही काही वाचलं नाही.

पण जे सांगायला बसले ते अजून सांगितलेलंच नाही. बघा, अजून आडवाटेनं चाललेय मी.

नववीच्या उन्हाळ्याआधी जिल्ह्याहून तपासणीचं पथक आलं. सगळ्या शाळेची तपासणी, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही, एकेकाला हाक. शालनचा नंबर आला. डॉक्टरांनी हात हातात घेतला, बोटं चाचपली, आणि त्यांचा चेहराच उतरला. खोलीत हेडसर, नर्सबाई, मी, आणि दारात उभी शालनची आई — तपासणीसाठी पोरांच्या आयांनाही बोलावलं होतं. डॉक्टर म्हणाले, पोरी, हे दीड-दोन वर्षांचं आहे. शाळेत दर आठवड्याला दवाखाना असतो. तू कुणालाच दाखवलं नाहीस?

आता ही सांगणार. दवाखान्याची वही त्याच टेबलावर होती.

शालननं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही हो. रागानं बघितलं असतं तर मी सुटले असते. वर्गात उत्तर येत नसलं की पोरं बघतात ना, बाई आता सांगतील म्हणून, तसं बघितलं. मी बोलावं म्हणून ती थांबली. मग म्हणाली,

“न्हाय. कुणालाच न्हाय दाखवलं.”

तिनं मला झाकलं. चौदा वर्षांच्या पोरीनं. आणि मी काय करावं? गप्प बसले असते तरी चाललं असतं, भित्री म्हणून खपले असते. पण सगळे बघत होते, आणि वर्गशिक्षिका मी होते, काहीतरी बोलायला हवं होतं. मी बोलले. तिच्या आईच्या देखत, माझ्या त्या नेहमीच्या तिखट आवाजात मी तिला झापलं —

“अगं, मग मला सांगायचं होतंस की! तोंड नाही का तुला? मी कशासाठी आहे इथं?”

तिची आई डोळ्याला पदर लावून मान हलवत होती, बाईंचं बरोबर आहे म्हणून. शालननं बाही ओढून खाली केली, वाकडी बोटं परकरात लपवली, आणि म्हणाली, “चुकलं, बाई.”

मी म्हटलं, बरं, जा आता, बस जागेवर. आणि पुढच्या मुलीचं नाव वाचलं.