चुन्याचं दुसरं बोट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आज लिहितोय, आणि खिडकीखाली खुरप्याचा आवाज आला की हात थांबतोय — रामभाऊ खालीच आहेत.

वारज्यात आमची आंब्याची बाग होती, तेव्हाची गोष्ट. मी बाविशीत. मोहोर लवकर आणि भरपूर यावा म्हणून मुळाशी संजीवक ओतायचं आबांनी, माझ्या वडिलांनी, ठरवलं. खोडाभोवती पहारीनं खड्डे पाडायचे, औषध मोजून पाण्यात कालवायचं, ओतायचं, आणि लगेच खोडावर चुन्याचं एक बोट ओढायचं. का? तर एकाच झाडाला दोनदा पडू नये. जास्त झालं की झाड आखडतं.

खालच्या ओळीतली सात झाडं माझी. ओतलं सगळं. खूण — खूण नाही केली. सिनेमाला उशीर होत होता. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर आमचे जुने गडी रामभाऊ बादली विसळत होते. माझी झाडं राहिलीत असं समजून त्यांनी सातही उरकली होती, प्रत्येकावर आपलं बोट ओढलं होतं. तेव्हाच बोललो असतो तर? आबा ओरडले असते, फार तर. मी काय केलं? रामभाऊ विहिरीवर भाकरी खायला गेले, आणि मी त्यांच्या प्रत्येक बोटाशेजारी दुसरं बोट ओढलं.

आबा आले. प्रत्येक खोडावर दोन-दोन खुणा.

"रामा, औषध आहे ते, चहा नव्हे — परत परत पाजायला!"

"सकाळी खूण नव्हती वो, आबा."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "केली होती," मी म्हणालो.

रामभाऊंनी एका खोडाला हात लावला. त्यांचा चुना वाळला होता; माझा ओला होता. स्वतःचं पांढरं झालेलं बोट त्यांनी पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "असंल," म्हणाले. "दिसली नसंल मला."

त्या सात झाडांच्या डहाळ्या मुठीसारख्या आखडल्या. आबांनी रामभाऊंना काढून टाकलं. रामाला दिसत नाही, असं गावभर झालं. पुढे कुणी त्यांना बागेत उभं करीना.

आबा गेले. बागेच्या जागी आमची सोसायटी आली, आणि रामभाऊ तिथेच माळी म्हणून लागले. खत घातलेल्या कुंडीवर ते अजून चुन्याचं बोट ओढतात, आणि मला हाक मारतात, "दादा, खूण हाय का बघा. आमच्या डोळ्यांचं काय खरं न्हाय." तिसऱ्या मजल्यावरच्या जास्वंदीचं पिवळं पान त्यांना खालून दिसतं. मग मलाच का विचारतात? — रोज फाटकाशी पोचेपर्यंत हाच प्रश्न.

आज सकाळी पुन्हा विचारलं. मी न बघताच म्हणालो, "आहे, आहे."

त्यांनी कुंडी हळूहळू फिरवली. पूर्ण. कोरी होती.

चुन्याच्या डबीत बोट बुडवलं, खूण केली, पुढच्या कुंडीकडे वळले.

त्या झाडांना मी खूण केली नव्हती. नंतर केली. रामभाऊंना तेव्हाही नीट दिसत होतं.