परस्पर आवळलेले बोल्ट

काल मैदानावर माझी मुलगी मृणाल बाण सोडून झाल्यावर उजवा खांदा चोळताना दिसली. कुणी बघत नाही ना, याची खात्री करून चोळत होती. मला मान वर करवेना.

तिच्या कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याची सगळी देखभाल मी घरीच करतो. दोरीला मेण लावतो, मूठ गुंडाळून देतो. मला हौस आहे. तीन आठवड्यांपूर्वी मी त्याचा ताण कमी-जास्त करणारे दोन्ही बोल्ट दोन-दोन फेरे आवळले. धनुष्य ओढायला जड झालं की बाण वेगाने जातो, असं कुठेतरी वाचलं होतं. स्पर्धा जवळ आली होती. सांगितलं तर ती उगाच घाबरेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

परवा जेवताना ती म्हणाली, "बाबा, माझ्यातली ताकदच गेलीय वाटतं. सकाळी थोडे जोर काढत जाऊ का?"

"काढ," मी म्हणालो, आणि ताटात बघत राहिलो.

आपल्या माणसाचं भलं आपण किती सहज परस्पर ठरवतो! त्याला ते पेलेनासं झालं, की कमी त्याच्यातच आहे असं त्याला वाटू देतो.

काल घरी आल्यावर सगळं सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"मला विचारलं असतंस, तर मी हो म्हटलं असतं," एवढंच ती म्हणाली.

बोल्ट सैल करायला मी हात पुढे केला.

"राहू दे बाबा, हे माझं मी करायला शिकेन," म्हणत तिने धनुष्य उचललं आणि आपल्या खोलीत नेलं.